शब्दवेध : व्हर्नोनिया

अमेरिकेत इलिनॉय-आयोवाकडच्या गवताळ माळांवर जुलै-ऑगस्टात गडद जांभळे तुरे दिसतात. कूळ सूर्यफुलाचं, पण कडेच्या मोठ्या पाकळ्या शोधू नका. तुऱ्यात असतात नुसती नळीदार फुलं. खोडावर पानं एकाआड एक असतील तर तो ‘आयर्नवीड’. दिसायला जवळच्या ‘जो-पाय वीड’ची पानं खोडाभोवती चक्राकार येतात. आता पान उलटून बघा. गुळगुळीत पाठीवर बारीक खळगे असले, की ‘व्हर्नोनिया फॅसिक्युलाटा’ म्हणावं. फॅसिक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी जुडी, आणि तुरा आहेच तसा जुडीसारखा!

व्हर्नोनिया हे नाव विल्यम व्हर्नन या इंग्रज वनस्पती-संग्राहकाचं. १६९८ मध्ये तो मेरीलँडात झाडं गोळा करत होता. श्रेबर या जर्मन शास्त्रज्ञानं १७९१ मध्ये त्याचं नाव या प्रजातीला दिलं. संग्राहकाची अशी आठवण ठेवणं मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या रस्त्याकडेची सहदेवी, तीच ती चिमुकल्या जांभळ्या फुलांची, जुन्या पुस्तकांत ‘व्हर्नोनिया सिनेरिया’ म्हणूनच भेटते. आता तिला ‘सायॅन्थिलियम सिनेरियम’ म्हणतात.