आइल रॉयलचे लांडगे आणि प्रवाशाचा कुत्रा

श्रोतेहो, स्वर्गाच्या दारीं इंद्रानें सोबतच्या कुत्र्यास मज्जाव केला, तेव्हां धर्मराजानें रथांत पाऊल ठेवण्याचेंच नाकारिलें, ही महाभारतांतील कथा आपणांस ठाऊक आहे. अमेरिकेंतील सुपीरियर सरोवराच्या कांठीं आगबोटींत चढतांना लाडका कुत्रा मागें ठेवावा लागला, तर प्रवाशास असाच राग येत असेल. या सरोवरांतील आइल रॉयल नांवाच्या बेटावर राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें कुत्रा नेतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर बेटाभोंवतालच्या साडेचार मैल पाण्यांत स्वतःच्या होडींतही त्यास ठेवतां येत नाहीं. त्या देशांतील इतर बहुतेक उद्यानांत सहा फुटांची दोरी बांधून कुत्र्यास निदान रस्त्यावर व तंबूंच्या तळावर फिरवितां येतें. मग येथेंच इतकें कडक सोंवळें कां?

बेट सुमारें ४५ मैल लांब व ९ मैल रुंद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूस नांवाचीं, आपल्या सांबराहूनही पुष्कळ मोठीं हरिणें तेथें आलीं. १९४० सालीं उद्यानाची रीतसर स्थापना झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून लांडगे चालत आले. खाणारा एक, खाद्य एक, चहूंकडे पाणी. सृष्टीनें जणूं प्रयोगशाळाच मांडून ठेविली होती. १९५८ सालीं पर्ड्यू विद्यापीठाचे डरवर्ड अॅलन यांनीं तेथें अभ्यास सुरू केला. हिवाळ्यांत बर्फावरील पाउलखुणा विमानांतून न्याहाळून लांडगे मोजावयाचे, अशी ती चिकाटीची पद्धत.

१९८० सालीं लांडग्यांची संख्या ५० भरली. १९८२ सालीं ती १४ वर आली! मूस तर विपुल होते. मग हे लांडगे गेले कोठें? १९७८ च्या सुमारास कुत्र्यांमध्यें पार्व्होव्हायरस हा आंतड्यांचा नवा रोग उद्भवून अल्पावधींत जगभर पसरला होता. त्याचें बीज विष्ठेंतून पसरतें आणि मातींत महिनेच्या महिने तग धरतें. कुत्र्यांस बंदी असतांही कोणा प्रवाशानें चोरून आणलेल्या कुत्र्याबरोबर, किंवा कोणाच्या बुटास लागून, तें बेटावर पोंचलें असावें, असें अभ्यासक मानतात. तो प्रवासी दुष्ट होता असें मला वाटत नाहीं. ‘माझा एकटा कुत्रा काय करणार?’ असें म्हणणारा तो तुमच्याआमच्यासारखाच कोणी असेल.

पुढें रोग ओसरला, पण लांडग्यांची पूर्वीची भरभराट परतली नाहीं. थोडक्याच जिवांत सोयरीक होऊं लागली, आणि हिवाळे सौम्य होत गेल्यानें बाहेरून नवें रक्त आणणारा बर्फाचा पूलही क्वचितच बांधला जाई. १९९७ सालीं एक परका लांडगा त्यावरून आला, त्यानें कांहीं काळ वंश सांवरिला, एवढेंच. इकडे मूस वाढत गेले व त्यांनीं रान ओरबाडून टाकिलें. १९९६ च्या कडक हिवाळ्यांत ते उपासमारीनें मोठ्या संख्येनें मेले. २०१६ सालीं साऱ्या बेटावर दोनच लांडगे उरले, आणि तेही बाप व लेक!

अखेर २०१८ व २०१९ या दोन वर्षांत मिनेसोटा, मिशिगन व कॅनडांतील ऑन्टारिओ येथून १९ लांडगे आणून बेटावर सोडण्यांत आले. २०२४ च्या गणतींत त्यांची संख्या सुमारें ३० भरली.

हा धोका एका बेटापुरता नाहीं. १९९४ सालीं आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या रानांत सुमारें एक हजार सिंह, म्हणजे तेथील एकतृतीयांश, डिस्टेंपरनें मेले. त्या रोगाचें मूळ भोंवतालच्या गांवांतील कुत्र्यांकडे असल्याचें आढळलें.

आइल रॉयलच्या नियमास एक अपवाद मात्र आहे. अंध अथवा अपंग मनुष्यास वाट दाखविणाऱ्या शिकविलेल्या कुत्र्यास, आगाऊ परवानगी काढून व लस टोंचल्याचे दाखले दाखवून, धन्याबरोबर बेटावर उतरतां येतें.