गोल घुमटातली कुजबुज: सुलतानाची युक्ती की वर्तुळाची करामत?

बीडहून निघणाऱ्या आमच्या शाळेच्या सहलीत सोलापूर, अक्कलकोट आणि विजापूर हा क्रम ठरलेला असे. गोल घुमटाच्या सज्जात चढल्यावर गाईडने टाळी वाजवली आणि सांगितले, सुलतानाने फितुरांची कुजबुज ऐकण्यासाठी ही वास्तू अशी बांधली. आम्ही ते निमूट खरे मानले. मित्रहो, आज त्या आख्यायिकेची उलटतपासणी करू.

मुळात ही कबर आहे. शहाजीराजे ज्याच्या पदरी होते, त्या मुहम्मद आदिलशहाची. तो १६५६ मध्ये वारला. खाली चौकोनी दालन, वर सुमारे ३८ मीटर आंतरव्यासाचा घुमट आणि घुमटाच्या बुडाशी आतून फिरणारा गोल सज्जा. कुजबुज पलीकडे पोहोचायची तर बोलणाऱ्याने शंभर फुटांहून उंच असलेल्या या सज्जात चढून भिंतीशी तोंड न्यायला हवे. फितुरांनी कटासाठी नेमकी हीच जागा का निवडावी, कोण जाणे!

अंतर्वक्र भिंतीलगत उच्चारलेला शब्द पोकळीत विखुरण्याऐवजी भिंतीला बिलगून सरकत जातो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्येही हेच घडते. तिथले कारण लॉर्ड रॅले यांनी उलगडले. पुढे १९२० च्या दशकारंभी सी. व्ही. रामन यांनी अशा सज्जांचा अभ्यास केला, त्यात गोल घुमटही होता. सेंट पॉलच्या वास्तुकाराला फितूर पकडायचे होते, असे कोणी म्हणत नाही. दोन्हीकडे वर्तुळ आहे, म्हणून दोन्हीकडे कुजबुज पोहोचते.

आता याच घुमटाखाली मैफल बसवून पाहा. सज्जाच्या एका कडेला वाजवलेली टाळी समोर जाऊन परतते तेव्हा ७६ मीटर चाललेली असते. त्याला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. बोलताना आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरे उच्चारतो. म्हणजे पुढचे अक्षर निघते न निघते तोच मागचे येऊन त्यावर आदळते, आणि एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. गुळगुळीत चुनेगच्ची आवाज फारसा शोषत नाही, वक्र पृष्ठभाग तो गोळा करून परत फेकतो. द्रुत तानेचा इथे निव्वळ काला होईल. आमचे गुरुजी "रांगेत या" असे ओरडत होते, हे आम्हाला खाली उतरल्यावर कळले.

म्हणूनच सभागृह रचणारे मोठ्या अंतर्वक्र छताला बिचकतात. मुंबईच्या एनसीपीएतील टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. श्रोते मंचासमोर पंख्यासारखे पसरलेले, छत पैलू पाडल्यासारखे. त्यामुळे आवाज एका जागी न साठता सर्वत्र विखुरतो. ध्वनिवर्धकाविना गायन ऐकू यावे, हा हेतू इथे बांधणाऱ्यांनीच सांगून ठेवला आहे.

आमच्या गाईडने तसा कसलाही दाखला दिला नव्हता. त्याने टाळी वाजवली आणि आम्ही माना डोलावल्या.