सनाची कड आणि नोंदीचा शोध : खर्ड्याच्या लढाईच्या निमित्ताने

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डे येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम अली यांच्या फौजांची गाठ पडली. या लढाईच्या दिनांकाविषयी वाद नाही. तरीही तिच्याविषयीचे कागद सनवार यादीतून शोधू गेल्यास ते हाती न लागण्याचा संभव असतो. याचे कारण कागद नष्ट झाले हे नसून शोधाच्या रीतीत राहिलेला दोष हे असते. त्या दोषाचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. तशाच जातीचा दोष २०२३ साली संगणकाच्या एका फाइल सिस्टिममध्ये दुरुस्त करण्यात आला. त्याचाही येथे विचार केला आहे.

तत्कालीन कागदांत शक, शुहूर आणि फसली अशी निरनिराळी वर्षे येतात. शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदलतो. शुहूर आणि दख्खनी फसली हे सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलतात. म्हणून शुहूर सनास मृगसाल असेही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत शुहूर सनात ५९९ व फसलीत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत अनुक्रमे ६०० व ५९१ मिळवावे लागतात. शकाच्या बाबतीत हे अंक ७८ व ७९ असे आहेत. खर्ड्याची लढाई फाल्गुन वद्यात, म्हणजे तिन्ही वर्षांच्या उत्तरार्धात झाली. तेव्हा शके १७१६, शुहूर सन खमस तिसैन मया व अलफ म्हणजे ११९५, आणि फसली १२०४ चालू होते. या तिन्हींत लहान अंक मिळविला तर तिन्ही वेळा १७९४ हेच चुकीचे उत्तर येते. तीन साधनांची एकवाक्यता झाली असे मानून अभ्यासक निश्चिंत होतो. वस्तुतः एकच चूक तीनदा झालेली असते.

सनाचे नाव गाळून नुसता आकडा उतरविला तर घोटाळा याहून मोठा होतो. फसली १२०४ हे खर्ड्याचे साल. परंतु १२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा किल्ला वेलस्लीच्या हाती गेला तेव्हा शुहूर सन १२०४ चालू होता. एकाच जिल्ह्यातील, आठ वर्षांहून अधिक अंतराने घडलेल्या दोन घटना एका आकड्याखाली येतात.

हे दोष जंत्री जपून वापरल्यास टळतात. तिसरा दोष मात्र रूपांतर अचूक झाल्यावरही उरतो. समजा, फसली १२०४ च्या एका रुमालाची नोंद यादीत 'आरंभ : मृग, १७९४' अशी बरोबर केली आहे. आता जानेवारी ते मार्च १७९५ मधील कागद मागितले, आणि १ जानेवारी १७९५ पूर्वी आरंभ झालेले रुमाल वगळावेत असा नियम लावला, तर नेमका खर्ड्याचा रुमाल गळतो. रुमालाची नोंद हा कालरेषेवरील बिंदू नसून पट्टा आहे. तो कोठे सुरू होतो एवढेच पाहून भागत नाही. विचारलेल्या मुदतीला तो कोठेतरी स्पर्श करतो काय, हे पाहिले पाहिजे.

एक्सएफएस ही फाइल सिस्टिम सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने १९९० नंतरच्या दशकात तयार केली आणि पुढे ती लिनक्सच्या कर्नेलमध्ये आली. डिस्कवरील कोणता पट्टा कोणत्या फाइलकडे आहे, हे एका मर्यादेत विचारण्याची सोय कर्नेलमध्ये २०१७ साली झाली. समजा, २०० ते २२३ हे ब्लॉक एका फाइलचे आहेत आणि प्रश्न फक्त २०८ व्या ब्लॉकाचा आहे. उत्तरात ती फाइल यावयास हवी; प्रत्यक्षात उत्तर रिकामे येई. नोंदींच्या वृक्षातून त्या ब्लॉकाला स्पर्श करणारी नोंद बरोबर निघत असे. पण मर्यादेपूर्वी सुरू झालेल्या नोंदी गाळणारी चाळणी तिला नंतर बाजूस सारी.

ही चाळणी निरर्थक नव्हती. उत्तर मोठे असेल तर ते हप्त्यांनी द्यावे लागते. पुढचा हप्ता मागताना मागील शेवटची नोंद खूण म्हणून दिली जाते, आणि एकदा दिलेल्या नोंदी पुन्हा येऊ नयेत म्हणून चाळणी लागते. दप्तरात दुसऱ्या दिवशी बसणारा लेखनिक आदल्या दिवशी नकललेले कागद वगळतो, तसेच हे आहे. परंतु तोच नियम पहिल्या दिवशी लावला तर न पाहिलेला कागद पाहिलेला ठरतो. २०२३ साली डॅरिक वाँग यांनी केलेल्या दुरुस्तीत चाळणी केवळ पुढचा हप्ता मागतानाच लागू केली. नियम खोटा नव्हता. त्याची जागा चुकली होती.

इतिहासाच्या अभ्यासकास यावरून दोन गोष्टी घेता येतील. सूची करताना मूळ सन त्याच्या नावासह तसाच ठेवून त्यापुढे इसवी सनातील आरंभ आणि अखेर असे दोन्ही दिवस लिहावेत. एकच साल लिहू नये. आणि 'या मुदतीत कागद नाहीत' असे उत्तर आल्यास, ते पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी मुदतीच्या आधी सुरू होणारा एक रुमाल उघडून पाहावा. चुकीची तारीख केव्हातरी दुसऱ्या कागदाशी विसंगत ठरून उघडकीस येते; गळलेली नोंद आपल्या गैरहजेरीची खूण मागे ठेवीत नाही.