डक्सहर्स्टचें गांव

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लंडनच्या पोलिसकोर्टांत जेन केकब्रेड या वृद्ध स्त्रीइतकें परिचित नांव क्वचितच दुसरें असेल. दारू पिऊन रस्त्यांत धिंगाणा घातल्याबद्दल तिला अडीचशेंहून अधिक वेळां शिक्षा झाली होती. कांहीं दिवस तुरुंग, मग रस्ता, मग गुत्ता आणि पुन्हां तुरुंग, असें हें रहाटगाडगें चाले, आणि वर्तमानपत्रांस त्यांत विनोदाचा विषय सांपडे. अडीचशें खेपांनीं जी सुधारली नाहीं ती आणखी एका खेपेनें सुधारेल, असें मानणाऱ्या न्यायाचें मात्र कोणास हसूं येत नसे.

मद्यासक्तांस औषधोपचारासाठीं विशिष्ट गृहांत ठेवण्याचा कायदा इंग्लंडांत १८७९ सालींच झाला होता. पण त्यासाठीं रोग्यानें स्वत: न्यायाधीशांसमोर अर्ज करावा लागे आणि खर्चही स्वत:च सोसावा लागे. म्हणजे हें दार श्रीमंतांपुरतेंच उघडें होतें. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीला तुरुंगावांचून दुसरें घर नव्हतें.

तें घर बांधणारी स्त्री मोठ्या सरदारघराण्यांतली होती. लेडी हेन्री सोमरसेट यांचा जन्म १८५१ चा. पतीपासून विभक्त होऊन त्यांनीं १८७८ सालीं आपल्या मुलाचा ताबा न्यायालयांतून मिळविला. परंतु त्याबद्दल प्रतिष्ठित समाजानें बहिष्कार घातला तो त्यांच्यावरच, कारण पतीच्या दोषांची वाच्यता करणें हा त्या वर्गांत त्या दोषांहून मोठा अपराध समजला जाई. १८८३ त वडिलांच्या मृत्यूनंतर मोठी इस्टेट त्यांच्याकडे आली आणि १८९० त ब्रिटिश स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाचें अध्यक्षपद आलें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत त्यांचा फ्रान्सिस विलर्ड यांच्याशीं स्नेह जडला. पंडिता रमाबाईंच्या कार्यास अमेरिकेंत पाठिंबा देणाऱ्या त्या याच विलर्डबाई.

१८९५ सालीं सरे परगण्यांत, रायगेटजवळ डक्सहर्स्ट येथें, सोमरसेटबाईंनीं आपली वसाहत उभारली. तिला रुग्णालयाचें रूप नव्हतें, तुरुंगाचें तर नव्हतेंच. गवतानें शाकारलेलीं लहान लहान घरें, प्रत्येक घरांत मोजक्या स्त्रिया आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक परिचारिका, अशी ती रचना होती. बागकाम, कोंबड्या पाळणें, विणकाम हा दिवसाचा क्रम असे. मुक्काम महिन्या-दोन महिन्यांचा नसून सुमारें वर्षाचा असावा, असा बाईंचा आग्रह असे. दारूचा अंमल शरीरांतून कांहीं आठवड्यांत जातो. पण रिकाम्या संध्याकाळीं हात कोठें जातो, हें बदलण्यास ऋतुचक्राचा एक फेरा तरी लागतो. तान्ह्या मुलाच्या ओढीनें आई येण्यास कचरते, हें ओळखून मुलांसही तेथें जागा दिलेली होती. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. ऐपतदार स्त्रियांची सोय मात्र निराळ्या वाड्यांत, पैसे घेऊन, केली जाई. व्यसनांतही इंग्रज आपली वर्णव्यवस्था विसरत नाहींत!

जेन केकब्रेडलाही बाईंनीं येथें आणलें. त्यांना यश आलें नाहीं. म्हातारी तेथें रमली नाहीं आणि कोणाचें ऐकेना. हा दारूचा नव्हे, मूळच्या मनोविकाराचा प्रकार आहे असा बाईंचा निष्कर्ष झाला. १८९६ त जेनची रवानगी क्लेबरीच्या वेड्यांच्या इस्पितळांत झाली आणि १८९८ त ती तेथेंच वारली. म्हणजे आजन्म दारूबद्दल तिला ज्या शिक्षा झाल्या, त्यांतील बऱ्याचशा बहुधा आजाराबद्दलच झाल्या होत्या.

त्याच वर्षीं नवा कायदा झाला. वारंवार दोषी ठरणाऱ्या मद्यप्यास तीन वर्षांपर्यंत सुधारगृहांत ठेवण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. प्रत्यक्षांत तेथें गेलेल्यांत स्त्रियांचीच संख्या फार मोठी होती. इंग्लंडांत पुरुष कमी पीत होते असें नव्हे. झिंगलेला बाप घरीं आला तर तो संसाराचा भाग, आणि झिंगलेली आई मात्र मुलांची हेळसांड करणारी गुन्हेगार! डक्सहर्स्टनेंही कांहीं काळ न्यायालयानें पाठविलेल्या स्त्रिया घेतल्या. पण आपखुशीनें आलेली आणि पोलिसांनीं आणून सोडलेली यांना एकाच उघड्या गांवांत नांदविणें सोपें नव्हतें. सरकारी सुधारगृहें तर खर्च कोणी सोसावा या भांडणांतच खंगलीं आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जवळजवळ मोडलीं.

बाईंचें प्रत्येक मत असेंच उदार होतें असें मात्र नाहीं. १८९७ त हिंदुस्थानांतील गोऱ्या पलटणींसाठीं वेश्यांवर सरकारी नियंत्रण असावें, या योजनेस त्यांनीं पाठिंबा दिला. सहकारिणींत मोठें वादळ उठलें आणि पुढल्या वर्षीं त्यांनीं आपलें मत मागें घेतलें. सरेमधील पतित स्त्रीला जी माया मिळाली, ती लष्करी छावणीच्या बाजारांतील हिंदी स्त्रीच्या वांट्याला त्या एका वर्षीं तरी आली नाहीं.

१९२१ च्या मार्चांत त्या वारल्या. त्यांच्या पश्चात् ती वसाहत फार काळ तगली नाहीं, आणि गवती छपरांचीं तीं घरेंही पुढें नाहींशीं झालीं.