एलजीवरची श्रद्धा

पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यात रानडुकरांचा विषय निघाला की बंदूकवाल्यांचे एका गोष्टीवर एकमत असते. गोळी जेवढी मोठी, दारू जेवढी जास्त, तेवढा मार जबर. बारा बोअरमध्ये एलजीचे, म्हणजे मोठ्या छऱ्यांचे, काडतूस घातले की डुक्कर जाग्यावर बसतंय, असे ठासून सांगितले जाते. रायफलीची गोळी करंगळीपेक्षा बारीक, तिने चार मणाच्या जनावराचे काय होणार, असा पुढचा प्रश्न असतो. आपण वर्षानुवर्षे ऐकलेले हे मत चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे गणिताने दाखवता येते.

ही चर्चा हौशी शिकारीची नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. पण पिकांची नासाडी करणारी रानडुकरे आणि रोही वनखात्याच्या परवानगीने मारण्याची वाट राज्य सरकारने 2015 मध्ये मोकळी केली. कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला जे भात, भुईमूग, ऊस पिकवतात त्यांच्यासाठी हा रोजचा विषय आहे. (गव्यासाठी ही वाट नाही. तो पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याने शेत तुडवले तरी हातात उरतो तो नुकसानभरपाईचा अर्ज.) म्हणजे कायद्याने गोळी झाडली जाणार आहेच. ती कोणती असावी, एवढाच प्रश्न उरतो.

पूर्वपक्षाला आधी न्याय द्यायला हवा, कारण एके काळी तो खरा होता. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असे. तिच्या जोरावर गोळीचा वेग सेकंदाला चार-साडेचारशे मीटरच्या फार पुढे नेता येत नसे. वेग वाढत नाही म्हटल्यावर मार वाढवायचा एकच उपाय उरतो, शिसे वाढवणे. बोअरची मोजणीच मुळी शिशाच्या वजनावर बेतलेली आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा जिच्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा लहान तेवढी बंदूक मोठी. शिकारी सॅम्युअल बेकर आफ्रिकेत गेला तेव्हा त्याच्याकडे अर्ध्या पौंडाचा गोळा फेकणारी बंदूक होती. त्या काळात तो शहाणपणाच होता.

1884 मध्ये फ्रान्समध्ये व्हिएलने बिनधुराची दारू केली आणि पाच वर्षांत इंग्रजांचे कॉर्डाइट आले. वेग जवळजवळ दुपटीने वाढला. वजन दुप्पट केले तर गोळीची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. हिशेब उलटला, पण समजूत तशीच राहिली. आपल्याकडे ती जास्त टिकली, कारण गावात ठासणीची बंदूक कालपरवापर्यंत होती आणि तिच्या जागी आलेली बारा बोअर वेगाच्या बाबतीत तिचीच बहीण आहे.

आता ‘डुक्कर उडवून टाकते’ या दाव्याकडे वळू. बारा बोअरच्या साध्या काडतुसात साधारण 28 ग्रॅम शिसे असते आणि ते सेकंदाला 380 मीटरच्या आसपास वेगाने निघते. यातले सगळे शिसे 80 किलोच्या डुकराच्या अंगात बसले आणि तिथेच थांबले असे धरा. त्या धक्क्याने डुकराला मिळणारा वेग सेकंदाला 13 सेंटिमीटर, म्हणजे तासाला अर्धा किलोमीटरही नाही. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनीच वाचलेला असतो: जनावर उलथून टाकणारा धक्का गोळीत असता तर दस्त्यामागचा माणूसही उलथला असता. जनावर जागेवर बसते ते मेंदू किंवा मणका गेला म्हणून. एरवी ते हृदय आणि फुप्फुसे फाटून रक्त गेल्याने पडते, आणि त्याआधी बरेच पळते.

प्रश्न मग असा होतो की गोळी तिथवर पोचते का. इथे एलजीचा हिशेब उघडा पडतो. 28 ग्रॅमच्या एलजी काडतुसात जेमतेम सहा छर्रे, प्रत्येकी पावणेपाच ग्रॅमचे. मोकळ्या नळीतून निघालेले छर्रे दर यार्डाला ढोबळपणे एक इंच पसरतात. चाळीस यार्डांवर त्यांचे वर्तुळ एक मीटर व्यासाचे होते. डुकराचे मर्मस्थान वीस सेंटिमीटरच्या ताटलीएवढे धरू. ती ताटली त्या वर्तुळाचा पंचविसावा भाग झाली. सहा छर्रे भागिले पंचवीस, म्हणजे ताटलीच्या वाट्याला सरासरी पाव छर्रा. मध्यभागी दाटी जास्त असते म्हणून आकडा दुप्पट करा, तरी अर्धाच. उरलेले पोटात, मांडीत, जबड्यात. डुक्कर उसात शिरते, दोन दिवसांनी ओढ्याकाठी कुजते किंवा तिसऱ्याच माणसावर उलटते. हाच नेम पंधरा यार्डांवर धरला तर दीड-पावणेदोन छर्रे मर्मावर येतात. म्हणजे हाक्यात झुडपातून समोर आलेले डुक्कर एलजीने पडते, आणि बांधावरून टॉर्चच्या उजेडात पलीकडच्या वाफ्यात दिसलेले पडत नाही. पहिला प्रकार लोकांच्या आठवणीत राहतो. दुसऱ्याला ‘चाटून गेली’ म्हणायचे आणि विसरायचे.

त्यात डुकराची घडणही फसवी. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर चिवट जाड कातडीची ढाल असते. पाठीवरच्या उभ्या केसांमुळे अंग आहे त्याहून उंच दिसते, म्हणून नेम वर जातो. हृदय मात्र खाली, पुढच्या पायाच्या कोपराशी, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. वाटोळा छर्रा हवेत झपाट्याने वेग गमावतो आणि त्या ढालीवर येईपर्यंत त्याच्यात फार जीव राहिलेला नसतो.

रायफलीच्या लांबट गोळीची गोष्ट वेगळी आहे. तीत गोळीच्या आकाराइतकेच तिच्या बांधणीला महत्त्व असते. डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुतेक .275 रायफलीने, सव्वाअकरा ग्रॅमच्या गोळीने. तो हत्तीच्या कवट्या करवतीने कापून मेंदू कुठे असतो ते बघत असे. त्याची गोळी पूर्ण कवचाची होती, न फुलणारी, कारण त्याला हाडातून आरपार जायचे होते. तीच गोळी हरणाला मारली तर सुईसारखी निघून जाईल. जिम कॉर्बेटने 1930 मध्ये चौगढची वाघीण काही फुटांवरून मारली तीही .275 नेच, एका हातात पक्ष्याची अंडी धरून.

यावर विद्वान पूर्वपक्षी शिकारी जॉन टेलरचे नाव पुढे करतात. त्याच्या 1948 च्या पुस्तकात वजन, वेग आणि गोळीचा व्यास यांचा गुणाकार करून ‘नॉकआउट’ आकडा काढला आहे आणि तो मोठ्या बोअरच्या बाजूने झुकतो. झुकतोच. पण टेलरने तो आकडा हत्तीसारख्या जनावराच्या डोक्यात बसलेल्या, न फुलणाऱ्या गोळीसाठी काढला होता: मेंदू थोडक्यात चुकला तर हत्ती किती वेळ बधिर राहील, याचा अंदाज म्हणून. शिराळ्याच्या डुकराला तो लावणे म्हणजे टेलरला न वाचताच त्याचा हवाला देणे. अंगावर चालून आलेल्या गव्या-वाघापुढे जड गोळी हवी, हे मी मान्य करतो. कॉर्बेटही त्यासाठी .450/400 जवळ बाळगत असे. भुईमुगात तोंड घातलेले डुक्कर चालून येत नाही. ते जखमी झाल्यावर येते.

मऊ टोकाच्या, म्हणजे अंगात फुलणाऱ्या, गोळीबद्दल एक आक्षेप कानावर येतो की ती क्रूर म्हणून जगात बंद आहे. बंदी आहे ती युद्धात. कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यातल्या गोळीवरून ओरड झाली आणि 1899 च्या हेग जाहीरनाम्याने माणसांवर फुलणारी गोळी झाडणे बंद केले. जनावरांच्या बाबतीत ब्रिटनचा हरणांचा कायदा नेमका उलटा आहे: तिथे रायफलीने हरीण मारायचे तर गोळी फुलणारीच हवी, म्हणजे ते लवकर मरेल.

राहिली जास्त दारू. युरोप-अमेरिकेत शिकारी घरी काडतुसे भरतात, हे हल्ली इथेही माहीत झाले आहे, आणि ते जोर वाढवण्यासाठी भरतात असा सोयीचा अर्थ लावला जातो. त्यांचे काम अगदी वेगळे असते. ते दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत तोलतात, प्रत्येक गोळी काडतुसात सारख्याच खोलीवर बसवतात, कागदावर झाडून छिद्रे किती जवळ पडली ते मोजतात. सगळा खटाटोप सारखेपणाचा. सर्वांत जवळ छिद्रे पाडणारी मात्रा पुष्कळदा सर्वांत जोरदार नसते. बिनधुराच्या दारूत मात्रा थोडी वाढली की दाब त्याहून कितीतरी जास्त चढतो. ती दारू ठासणीच्या नळीत गेली तर नळी फाटून हात जातो. शिवाय आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात अडकते. तेव्हा इथे तो मार्ग नाहीच, आणि त्यातून जोर मिळेल ही आशाही खोटी आहे.

त्यातला सारखेपणा मात्र कारखान्याच्या काडतुसातूनही बऱ्यापैकी मिळतो. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून चालू आहे, साताऱ्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. नागरी परवान्यावर सर्रास मिळणारी .315 रायफल इंग्रजांच्या एका भीतीतून आली: लष्कराच्या .303 ची काडतुसे लोकांच्या बंदुकीत चालू नयेत. तिची सुमारे सोळा ग्रॅमची मऊ टोकाची गोळी डुकराला पुरून उरते. एकाच पेटीतली काडतुसे घेऊन ती आधी कागदावर झाडून पाहिली पाहिजेत. ते कोणी करत नाही, कारण परवान्यावर काडतुसांची कमाल संख्या लिहिलेली असते आणि कागदावर एक घालवणेही जिवावर येते. स्वीडनमध्ये शिकारीच्या बंदुकीचा परवाना हवा तर नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते; इथे डुक्कर मारण्याच्या परवानगीसाठी बंदूक परवान्याची आहे एवढे पुरते.

गावात रायफल नाही, बारा बोअरच आहे, हा शेवटचा आक्षेप खरा आहे. तर मग अंतर वीस पावलांत आणा, नाहीतर घोडा ओढू नका. त्याहून लांब मारायचेच असेल तर एकच गोळी असलेले काडतूस वापरावे. आपल्या नळीच्या चोकमधून (तोंडाशी आवळलेल्या भागातून) ते चालते की नाही, हे मात्र झाडण्याआधी पेटीवर वाचून घ्यावे.