अंगचे गुण आणि पुढची वाट : इतिहासातील काही दाखले

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्या समाजातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘आता पुढे काय?’ प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर बहुधा मुलाकडे न पाहता शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून दिले जाते. शेजारचा मुलगा अभियांत्रिकीस गेला म्हणून आपलाही गेला पाहिजे, इतकाच विचार होतो. या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास थोडक्यात सांगावा आणि त्यातून ज्ञातिबांधवांस व भगिनींस काही उपयोगी पडेल ते पुढे मांडावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हा प्रश्न फार जुना नाही. गावगाड्याच्या काळात तो उद्भवतच नसे. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार, जोश्याचा जोशी. या रीतीत एक सोय होती : मूल घरच्या ओट्यावरच धंदा शिकत असे. परंतु ज्याचा हात लाकडावर बसत नसे त्यासही वाकस खाली ठेवता येत नसे, आणि ज्याची बुद्धी हिशेबात चाले त्याच्या हाती पाटी येईलच असे नव्हते. कित्येक जातींना तर विद्येचा दरवाजाच बंद होता. पुढे १८५७ साली मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाले, १८५९ साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली, आणि कचेरी, न्यायालय, शाळाखाते व रेल्वे यांतील नोकऱ्यांची वाट मोकळी झाली. जन्माच्या साच्यातून मुले सुटली खरी. पण थोड्याच वर्षांत मॅट्रिक आणि कारकुनी हा दुसरा साचा तयार झाला. ज्यांनी हे दोन्ही साचे नाकारून आपल्या अंगच्या गुणांप्रमाणे वाट शोधली, त्यांची चरित्रे म्हणूनच अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिला दाखला लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा. त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकापेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक. वडिलांची नाराजी पत्करून १८८५ साली ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पैशाची मदत वडीलबंधू रामूअण्णांनी केली. सुमारे दोन वर्षांनी असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? परंतु रंग गेले तरी रेषा शिल्लक होती. त्यांनी रंगचित्र सोडले आणि यंत्रांच्या आराखड्यांचे चित्रण पुढे चालविले. त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली, आणि तेथील कारखान्यात त्यांनी यंत्रांची प्रत्यक्ष माहिती करून घेतली.

पुढे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावास आले. सायकलींचे दुकान होतेच. त्याच्या जोडीला कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे प्रारंभी नांगर खपेना. तरीही ते त्यातच सुधारणा करीत राहिले. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या हकीकतीत आमच्या मते दोन गोष्टी ध्यानात धरण्याजोग्या आहेत. लक्ष्मणरावांना आपला गुण नेमका कोणता हे एक दार बंद झाल्यावरच उमगले. आणि जी मदत झाली ती फार थोरामोठ्याची नव्हती. भावाने विश्वासाने पाठविलेल्या पैशांची होती.

याच नांगराशी दुसरे एक नाव निगडित आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे काही काळ किर्लोस्कर नांगरांचे विक्रेते होते. या कामानिमित्त ते खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिल्या. माणसे जोडण्याचा आणि श्रमाची लाज न बाळगण्याचा त्यांचा गुण १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा पूर्णपणे कामी आला. श्रम करून शिकण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, तिने गरिबांच्या मुलांची शिक्षणातील मुख्य अडचणच दूर केली. पोटासाठी धरलेले काम हे नेहमीच वाया गेलेले आयुष्य नसते, हे यावरून दिसते.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांची गोष्टही दृष्टीशीच संबंधित आहे. १८७२ साली कुरुंदवाड येथे कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि शाळेतील अभ्यास अशक्य झाला. मात्र गळा आणि कान उत्तम होते. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी संगीताची तालीम घेतली. इतके झाले असते तर ते एक नामांकित गवई म्हणून राहिले असते. परंतु शिस्त लावणे आणि संस्था चालविणे हाही त्यांचा गुण होता. म्हणून १९०१ साली लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीतविद्या सामान्य गृहस्थाच्या मुलांना खुली केली. एका माणसात दोन गुण असतात, आणि दोहोंचा मेळ बसला म्हणजे नवाच व्यवसाय निर्माण होतो.

घराण्याचा धंदा सर्वस्वी टाकावाच लागतो असेही नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सुतारकी-लोहारकीच्या घराण्यातले. हातातील ते कसब त्यांनी सोडले नाही. त्यास चित्रकलेची जोड दिली. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता त्यांचे मन चलच्चित्राकडे वळले, आणि परदेशी कॅमेरा सहज मिळण्याजोगा नव्हता तेव्हा त्यांनी तो येथेच तयार केला. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. घरातून मिळालेले कौशल्य हे भांडवल आहे. ते कोठे गुंतवावे हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे.

मुलींच्या बाबतीत हा विचार आजही कमी होतो, म्हणून भागवत भगिनींचा दाखला मुद्दाम देतो. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ. कन्या कमला हिचा ओढा त्याच शास्त्राकडे. १९३३ साली पदवी घेऊन तिने बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ती स्त्री आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती मागे हटली नाही. अटींवर का होईना, प्रवेश मिळविला आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. कमलाबाई सोहोनी म्हणून पुढे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर महत्त्वाचे संशोधन केले. त्यांची थोरली बहीण दुर्गा. तिचे मन लोकसाहित्यात आणि मानववंशशास्त्रात रमले. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत त्या याच. घर एक, संस्कार एक, आणि वाटा दोन. दोघींनाही एकाच वाटेने हाकले असते, तर महाराष्ट्राने एक शास्त्रज्ञ तरी गमावली असती किंवा एक विदुषी तरी.

या विचारास शास्त्राचे रूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. अमेरिकेत बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी १९०८ साली तरुणांस व्यवसाय सुचविणारे केंद्र काढले. त्यांचे सूत्र साधे होते : प्रथम स्वतःचे गुण, आवड व मर्यादा ओळखाव्यात, मग निरनिराळ्या कामांना काय लागते आणि त्यांत काय मिळते हे जाणावे, शेवटी दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. आपल्याकडे मुंबईत १९४७ साली पारशी पंचायतीने आपल्या समाजाच्या तरुणांसाठी असे केंद्र चालू केले, आणि १९५० साली मुंबई सरकारनेही व्यवसाय मार्गदर्शनाचे काम हाती घेतले. एका समाजाच्या संस्थेने सरकारच्याही आधी हे केले, ही गोष्ट आपल्या मंडळाने लक्षात घेण्याजोगी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आमची हयात वर्गावर गेली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण खोटी नाही. परंतु पाळण्याकडे पाहावयास कोणास सवड नसते. मूल ‘मला अमुक आवडते’ असे म्हणते त्यावर फारसे विसंबू नये. आज क्रिकेट, उद्या विमान असे ते चालते. न सांगता ते कोणते काम करते, आणि ते बिघडल्यावर पुन्हा कोणत्या कामाकडे वळते, हे पाहावे. बंद पडलेला पंखा उघडणारा, घरातील आजाऱ्याजवळ न कंटाळता बसणारा, बाजारहाटाचा हिशेब चोख ठेवणारा, लहान भावंडांस समजेल असे शिकविणारा, या प्रत्येकाने आपले उत्तर दिलेलेच असते.

यावर कोणी म्हणेल, ‘गरिबास आवड परवडत नाही.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पोटाचा विचार प्रत्येक वाटेवर करावाच लागतो. परंतु न मानवणारी वाटही स्वस्त नसते. प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी कर्ज काढावयाचे, दोन-तीन वर्षे घालवावयाची, आणि शेवटी मुलाने खाली मान घालून घरात बसावयाचे, हे आपल्या कित्येक कुटुंबांत घडले आहे. त्या मुलांत गुण नव्हते असे नाही. ते कोणी शोधले नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन, शुश्रूषा, शेती, लेखापालन या वाटांनी गेलेली मुले मानाने संसार करीत आहेत. त्यांना लग्नाच्या बैठकीत कमी लेखण्याची आपली खोड मात्र गेली पाहिजे.

मंडळाला आमच्या तीन सूचना आहेत. गुणवत्तेची बक्षिसे गुणपत्रिकेबरोबर हातच्या कसबासही द्यावीत. शिष्यवृत्तीचा काही भाग हत्यारे, वाद्ये व प्रशिक्षणाचे शुल्क यांसाठी राखावा. आणि निरनिराळ्या व्यवसायांतील सभासदांची यादी करून, सुट्टीत मुलामुलींनी आठ-आठ दिवस त्यांच्याजवळ राहून काम पाहावे, अशी व्यवस्था करावी. यास फारसा पैसा लागत नाही, मन लागते. आपल्या प्रत्येक घरी एक तरी रामूअण्णा असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.