येशूच्या दयाळू हृदयाची भक्ती : तिचा उगम आणि तिचा इतिहास

प्रभु येशूच्या परमपवित्र हृदयाचे चित्र ज्याच्या घरात नाही, असे कॅथलिक कुटुंब आपल्या धर्मग्रामात शोधूनही क्वचितच सापडेल. उंबरठा ओलांडताच समोरच्या भिंतीवर ते नजरेस पडते. त्याच्यापुढे लहानसा दिवा तेवत असतो, आणि संध्याकाळी त्याच चित्राखाली गुडघे टेकून घरातील थोर-लहान मंडळी रोझरी म्हणतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तर मिस्सेला इतर दिवसांपेक्षा अधिक गर्दी असते. तथापि ही भक्ती कोठून आली, ख्रिस्तसभेने ती कोणत्या कसोट्या लावून स्वीकारली आणि तिच्यापायी कोणी काय सोसले, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांना उत्तर देता येणार नाही. ज्युबिलीचे वर्ष हे मागे वळून पाहण्याचे वर्ष होय. म्हणून ह्या स्मरणिकेच्या पानांवर त्या भक्तीचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या भक्तीचा पहिला उगम कालव्हारी टेकडीवर आहे. येशूने प्राण सोडल्यानंतर एका शिपायाने भाल्याने त्याची कूस भोसकली व तीतून रक्त आणि पाणी वाहिले, असे संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात साक्षीदाराच्या नात्याने सांगतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूच्या उराशी टेकलेला शिष्य तो हाच. संशयी थोमाला पुनरुत्थित प्रभूने हात घालावयास सांगितले ते ह्याच जखमेत. जुन्या काळच्या ख्रिस्तपंडितांनी, विशेषतः संत ख्रिसोस्तोम व संत ऑगस्टिन ह्यांनी, त्या रक्तात व पाण्यात पवित्र ख्रिस्तप्रसाद आणि बाप्तिस्मा पाहिले, आणि निजलेल्या आदामाच्या कुशीतून हव्वा निघाली त्याप्रमाणे क्रुसावर निजलेल्या ख्रिस्ताच्या कुशीतून त्याची वधू जी ख्रिस्तसभा ती जन्मली, असे शिकविले. हृदय हा शब्द पुढे आला. जखमेचे चिंतन मात्र आरंभापासूनच होते.

बाहेरची जखम पाहता पाहता भक्तांची दृष्टी आतील प्रेमाकडे वळली ती मध्ययुगात. बाराव्या शतकात संत बर्नार्ड ह्यांनी भाल्याने उघडलेल्या कुशीतून प्रभूच्या हृदयाचे रहस्य कसे दिसते ह्यावर प्रवचने केली. तेराव्या शतकात जर्मनीतील हेल्फ्टा येथील मठात संत मेख्टिल्ड आणि संत गर्ट्रूड (१२५६-१३०२) ह्या दोघी भगिनींना ह्या हृदयाविषयी विलक्षण अनुभव आले. गर्ट्रूडच्या ग्रंथात असे आले आहे की, संत योहानाच्या सणाच्या दिवशी तिने त्या प्रेषिताला विचारले, प्रभूच्या उराशी टेकून तू जे ठोके ऐकलेस, त्यांविषयी तू काही का लिहिले नाहीस? त्यावर तिला असे उमगले की, ते ज्ञान पुढच्या काळासाठी राखून ठेविले आहे. जगाचे प्रेम निवून जाईल, तेव्हा त्याला ऊब देण्यासाठी ते प्रकट होईल.

तो काळ सतराव्या शतकात फ्रान्स देशात आला. कॉर्नेलियस यान्सेन नावाच्या बिशपाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापला गेला आणि त्यातून एक कठोर मतप्रवाह निघाला. मनुष्य इतका भ्रष्ट आहे आणि देव इतका दुर्गम आहे की, सर्वसाधारण ख्रिस्ती माणसाने देवाच्या जवळ जाण्यास धजू नये, असा त्या शिकवणीचा कल होता. १६४३ साली आंत्वान आर्नो ह्या पंडिताने वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. आजाऱ्यास औषध म्हणून दिलेले अन्न आता पुण्यवंतांचे बक्षीस ठरू लागले. ख्रिस्त सर्वांसाठी मेला नाही, ह्या अर्थाच्या मताचा पोप दहावे इनोसंट ह्यांनी १६५३ साली निषेध केला. परंतु लोकांच्या मनात बसलेले भय एका हुकुमाने निघून जात नाही. माणसे वेदीपासून दूर राहू लागली, आणि त्या दूर राहण्यालाच आदर असे नाव मिळाले.

ह्या थंडीवर उतारा तयार होत होता तोही फ्रान्समध्येच. संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांनी संत जेन द शांताल ह्यांच्यासह १६१० साली ॲन्सी येथे मरियेच्या भेटीच्या नावाने भगिनींचा संघ स्थापिला व बाणांनी विंधलेले हृदय हे त्याचे चिन्ह ठरविले. संत जॉन यूद्स ह्यांनी येशूच्या हृदयाच्या सणासाठी मिस्सा व प्रार्थना रचल्या, आणि त्यांच्या संघात १६७२ साली तो सण प्रथम पाळला गेला. परंतु भक्तीचा हा ओढा सर्व जगभर नेण्याचे काम एका अशा भगिनीच्या वाट्यास आले की, जिच्याजवळ ना विद्या होती, ना प्रकृती, ना अधिकार.

मार्गारेट मेरी आलाकोक हिचा जन्म १६४७ साली बर्गंडी प्रांतात झाला. लहानपणीच बाप वारला. ती व तिची आई नातलगांच्या ताब्यात परक्यासारखी राहिली. चार वर्षे ती अंथरुणास खिळली होती. १६७१ साली ती पारे-ल-मोनियाल येथील भेटीच्या मठात आली. तेथे २७ डिसेंबर १६७३ रोजी, म्हणजे संत योहानाच्याच सणाच्या दिवशी, पवित्र साक्रामेंतापुढे प्रार्थना करीत असता प्रभूने तिला आपल्या हृदयाशी टेकू दिले. पुढे १६७५ च्या जूनपर्यंत आणखी दर्शने झाली. काट्यांनी वेढलेले, जखम झालेले, वर क्रूस व ज्वाला असलेले ते हृदय आपल्या घरच्या चित्रात आपण रोज पाहतो. प्रभूने मागितले ते थोडके होते: पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद, गुरुवारी रात्री गेथसेमनीच्या वेदनांच्या स्मरणार्थ एक तास जागरण, आणि ख्रिस्तशरीराच्या सणाच्या अष्टकानंतरच्या शुक्रवारी आपल्या हृदयाचा सण. त्याची तक्रार शत्रूंविषयी नव्हती; ज्यांच्यावर प्रेम केले त्यांच्या थंडपणाविषयी होती.

मठातील पुष्कळांना हा सर्व भ्रम वाटला. तिला तपासावयास आलेल्या पंडितांनीही तसेच मत दिले. अशा वेळी १६७५ च्या आरंभी क्लोद ला कोलोंबिएर नावाचे येशूसंघीय धर्मगुरू त्या गावी नेमले गेले. त्यांनी तिचे ऐकून घेतले, पारखले आणि तिला धीर दिला. त्यांचा तेथील मुक्काम अवघा दीड वर्षाचा. पुढे ते लंडनला यॉर्कच्या डचेसचे धर्मगुरू म्हणून गेले. १६७८ साली खोट्या कटाच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगात टाकून हद्दपार केले. आणि क्षयाने पोखरलेल्या देहानिशी ते परत येऊन १६८२ साली पारे येथेच वारले. १६८४ साली त्यांच्या आध्यात्मिक टिपणांचे पुस्तक छापले गेले आणि भगिनी जेवत असता मठाच्या भोजनगृहात मोठ्याने वाचले गेले. त्यात एका पुण्यशील व्यक्तीस झालेल्या दर्शनाचे वर्णन होते. नाव नव्हते, पण ती व्यक्ती कोण हे ऐकणाऱ्यांच्या ध्यानी आले. मार्गारेट मेरी खाली मान घालून बसली होती.

१६८५ च्या जुलैत तिच्या हाताखालील नवशिक्या भगिनींनी शाईने काढलेले हृदयाचे एक साधे चित्र मांडून त्याला वंदन केले. तेव्हा मठातील वडीलधाऱ्या भगिनींनी ह्या नवेपणाबद्दल नापसंती दाखविली. परंतु एकाच वर्षाने, २१ जून १६८६ रोजी, ज्या भगिनीने सर्वांत अधिक विरोध केला होता तिनेच गायनगृहात पवित्र हृदयाचे चित्र मांडले, आणि अख्खा मठ त्यापुढे नमला. १६९० साली मार्गारेट मेरीने डोळे मिटले, तेव्हा तिची भक्ती फ्रान्समधील काही मठांच्या भिंतींपलीकडे फारशी गेलेली नव्हती.

ती रस्त्यावर आली ती महामारीच्या दिवसांत. १७२० साली पूर्वेकडून आलेल्या एका जहाजाबरोबर मार्सेय बंदरात प्लेग शिरला आणि शहरातील सुमारे ४०,००० माणसे मेली. धनिक पळाले, बिशप बेल्झन्स मात्र मरणाऱ्यांच्या उशाशी राहिले. त्या वर्षीच्या सर्व संतांच्या सणाच्या दिवशी ते अनवाणी, गळ्यात दोरी बांधून रस्त्याने चालले आणि त्यांनी आपले शहर येशूच्या हृदयास समर्पण केले. १७२२ साली साथ पुन्हा उठली, तेव्हा नगराच्या कारभाऱ्यांनी त्या सणाला दरवर्षी मिस्सेस येऊन मेणबत्ती अर्पण करण्याचा नवस केला.

येथे कोणी म्हणेल की, मग रोमने लगेच मान्यता दिली असेल. तसे झाले नाही, आणि ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानी घ्यावी असे आम्हांस वाटते. सणासाठी केलेली विनंती १७२७ व १७२९ साली नाकारली गेली. विरोधी बाजू मांडणारे अधिकारी प्रॉस्पेरो लांबेर्तिनी हे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. त्यांचा आक्षेप विचार करण्याजोगा होता: हृदय हे प्रेमाचे इंद्रिय आहे की भावना मेंदूत उपजतात, हा पंडितांचा वाद ख्रिस्तसभेने का सोडवावा? उत्तर यावयास काळ लागला. हृदय येथे शरीरशास्त्राचा सिद्धांत म्हणून नव्हे, तर देवपुत्राच्या प्रेमाचे सजीव चिन्ह म्हणून पूजिले जाते, ही समजूत स्थिर झाली, तेव्हा १७६५ साली पोप तेरावे क्लेमेंट ह्यांनी पोलंडच्या बिशपांना हा सण पाळण्याची परवानगी दिली. १७९४ साली पोप सहावे पायस ह्यांनी स्पष्ट केले की, आपण ख्रिस्ताच्या देहातील एक अवयव वेगळा काढून पूजीत नाही. त्या हृदयाच्या ठायी आपण त्याचीच, म्हणजे देवपुत्राचीच, आराधना करतो. १८५६ साली पोप नववे पायस ह्यांनी हा सण सर्व ख्रिस्तसभेस लागू केला. मागणीपासून मान्यतेपर्यंत सुमारे १८० वर्षे लोटली!

ह्या प्रवाहाचा आपल्या भूमीशी संबंध कसा आला? पोर्तुगालची राणी पहिली मारिया, जिच्या राज्यात तेव्हा गोवा मोडत असे, तिने लिस्बन येथे पवित्र हृदयाच्या नावाने भव्य बॅसिलिका उभारिली. ती १७९० साली पुरी झाली. दुसरा दुवा अधिक जवळचा आहे. १८४४ साली फ्रान्समधील व्हाल्स येथील येशूसंघीय विद्यार्थी मदुराईच्या मिशनातील पत्रे वाचून हिंदुस्थानात येण्यास इतके उतावीळ झाले की, अभ्यासात त्यांचे मन लागेना. तेव्हा संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या दिवशी त्यांचे गुरू फादर गोत्रले ह्यांनी त्यांना सांगितले की, आजचा अभ्यास, आजचे कष्ट, आजची डोकेदुखी हीच येशूच्या हृदयाबरोबर अर्पण करा, म्हणजे तुम्ही येथूनच मिशनरी व्हाल. दररोज सकाळी केले जाणारे दैनिक अर्पण व 'प्रार्थनेचे प्रेषितकार्य' ही चळवळ ह्यातून निघाली. तिचे 'पवित्र हृदयाचा निरोप्या' ह्या अर्थाचे मासिक फादर रामिएर ह्यांनी १८६१ साली फ्रान्समध्ये काढले आणि तशी मासिके देशोदेशी निघाली. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग, जे पुढे पुण्याचे बिशप झाले, त्यांनी मराठीत 'निरोप्या' सुरू केला, तो ह्याच कुळातला होय.

१८९९ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी सर्व मानवजात येशूच्या हृदयास समर्पण केली. बाप्तिस्मा न घेतलेलेही त्यातून वगळले नाहीत. १९०५ साली पोप दहावे पायस ह्यांनी वारंवार, किंबहुना रोज, ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन दिले, आणि १९१० साली लहान मुलांसाठीही वेदी खुली केली. आर्नोच्या ग्रंथाला मिळालेले ते खरे उत्तर होते. १९०७ पासून फादर मातेओ क्रॉली-बोव्ही ह्यांनी घराघरांत पवित्र हृदयाची प्रतिष्ठापना करण्याचा प्रचार केला. १९२० साली मार्गारेट मेरी आणि १९९२ साली फादर क्लोद संतपदावर चढविले गेले. पोलंडच्या संत फाउस्टिना (१९०५-१९३८) ह्यांच्याकडून आलेली दैवी दयेची भक्ती, जिच्या चित्रात हृदयाच्या ठिकाणाहून दोन किरण निघतात, ती त्याच रक्ताची व पाण्याची आठवण देते. आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२४ साली आपले शेवटचे विश्वपत्र ह्याच हृदयाविषयी लिहिले.

वाचकहो, ह्या इतिहासाचे सार काय? ही भक्ती भयाविरुद्ध जन्मली. परंतु ते भय अद्याप मेलेले नाही. आमच्या सेवाकाळात आम्हांस अशी माणसे पुष्कळ भेटली आहेत की, जी वर्षानुवर्षे मंदिराच्या दारापाशी उभी राहून मिस्सा ऐकतात आणि आत येत नाहीत. कोणाचे लग्न मोडले आहे, कोणी दारूच्या आहारी गेला आहे, कोणाचे भावाशी जमिनीवरून वैर आहे. आपण अपात्र आहो, असे ती समजतात. आणि कधी कधी आपण आत बसलेलेही त्यांना तसेच समजू देतो. मग आपण पारेच्या मठाचे की आर्नोच्या पंथाचे? पश्चात्तापाची वाट प्रत्येकाला चालावीच लागते, हे खरे. परंतु त्या वाटेच्या तोंडाशी भाला घेतलेला पहारेकरी नसून भाल्याने उघडलेले हृदय आहे, हे त्यांना कोणी सांगावयाचे?

नऊ पहिले शुक्रवार म्हणजे स्वर्गाशी केलेला सौदा नव्हे. चित्रापुढे दिवा लावून त्याच चित्राखाली भावाभावांनी अबोला धरणे, ही त्या हृदयाची पूजा नव्हे. त्याची भरपाई करावयाची तर जेथे प्रेम थंड झाले आहे तेथे ऊब न्यावी लागेल: आजाऱ्याच्या उशाशी, एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर, दारापाशी थबकलेल्या माणसाजवळ. ह्या ज्युबिलीच्या वर्षात प्रत्येक घराने अशा एका तरी माणसाचा हात धरून त्याला वेदीपर्यंत आणावे, एवढीच आमची विनंती आहे. ज्या दयाळू हृदयाने आपल्या पूर्वजांना सांभाळले, ते आपणांस व आपल्या मुलाबाळांस आपल्याजवळ ठेवो. आमेन.